ओझरवरून चार्टर विमान घ्यायचंय? नवख्यांसाठी सगळं पहिल्यापासून

नाशिकमधून चार्टर, म्हणजे अख्खं विमान भाड्यानं, घ्यायचं ठरलं की घरातलं कुणीतरी लगेच नेटवर फोटो बघायला लागतं, क्रीम कलरच्या लेदर सीट, मधे लाकडी टेबल, आणि मग दोनतीन ब्रोकरना मेसेज जातो की तासाचा रेट सांगा. रेट आला की अर्धे लोक तिथंच थांबतात, उरलेले अ‍ॅडव्हान्स भरून मोकळे होतात आणि खरा घोळ त्यानंतर सुरू होतो, कारण विमान मिळालेलं असतं पण तुम्हाला हव्या त्या वेळेला ओझर (नाशिकचा विमानतळ) उघडं नसतं, किंवा उघडं असतं पण विमान रात्रभर उभं करायला जागा नसते. म्हणून माझं सांगणं आहे की क्रम उलटा करा. आधी विमानतळाची वेळ बघा, मग ऑपरेटरचे कागद, मग विमान, आणि रेटवर घासाघीस सगळ्यात शेवटी.

हे मी मुख्यतः कारखानदार, द्राक्ष एक्सपोर्टर, लग्नघरची मंडळी आणि पेशंटला तातडीनं हलवावं लागणारे नातेवाईक डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, कारण नाशिकमध्ये पहिल्यांदा चार्टर घेणारे जास्त करून हेच असतात.

आधी ओझर नेमकं काय आहे ते समजून घ्या

ओझरचा विमानतळ हा मुंबईसारखा नाही. तो हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा म्हणजे एचएएलचा आहे. १९६४ मध्ये मिग विमानांच्या कारखान्यासाठी एचएएल इथं आली, मिग-२१ इथं बनली, पुढं सुखोई-३० एमकेआय बनली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजसची नवी प्रॉडक्शन लाइनही इथंच सुरू झाली. शेजारी हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे. म्हणजे ज्या रनवेवर तुमचं सहा सीटचं जेट उतरणार त्याच रनवेवरून लढाऊ विमानांच्या टेस्ट फ्लाइट होतात, आणि त्या असतील तेव्हा तुम्हाला थांबावं लागेल, यात कुणाची ओळख चालत नाही आणि चालूही नये.

याचा फायदाही तेवढाच मोठा आहे. रनवे तीन हजार मीटरचा आहे. उन्हाळ्यात हवा तापली की विमानाला टेकऑफसाठी जास्त धाव लागते, त्यात ओझर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, म्हणून छोट्या रनवेवर मे महिन्यात कधीकधी माणसं नाहीतर सामान कमी करायची वेळ येते. ओझरला रनवेपायी ती वेळ सहसा येत नाही. लाइट जेट असो की बारातेरा सीटचं मोठं जेट, रनवे पुरेल का ही काळजी डोक्यातून काढून टाका.

पॅसेंजर टर्मिनलचं उद्घाटन २०१४ मध्ये झालं. ते जानोरीच्या बाजूला आहे, दिंडोरी तालुक्यात. इंडिगोची रोजची विमानं इथूनच जातात. मुंबईला कालिन्याच्या बाजूला खासगी विमानांसाठी वेगळं टर्मिनल आहे, तसलं लाउंज डोक्यात ठेवून ओझरला येऊ नका. इथं टर्मिनल छोटं आहे आणि तेच चार्टरवाल्यांच्या सोयीचं ठरतं, गाडीतून उतरल्यापासून विमानाच्या शिडीपर्यंत फार चालावं लागत नाही, लायनी नसतात, आणि इंडिगोचं विमान त्या वेळेला नसेल तर सगळं शांतपणे होतं.

खरंच चार्टर हवंय का ते ठरवा

सगळ्यात आधी हा प्रश्न स्वतःला विचारा, ब्रोकर तुम्हाला विचारणार नाही.

नाशिक ते मुंबई चार्टर घेण्यात मला अजिबात अर्थ वाटत नाही. हवेतला वेळ अर्धा-पाऊण तास, पण विमान मुंबईहून रिकामं येणार, तुम्हाला घेऊन परत जाणार, शिवाय मुंबईला उतरायला स्लॉट, म्हणजे ठरलेली वेळ, मिळायची मारामार. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाटाचीही कटकट कमी झाली. गाडीनं जा.

दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरू, गोवा, अहमदाबाद या मार्गांवर नेहमीचं विमान आहे का ते आधी बघा, टाइमटेबल दर सीझनला बदलतं. एकट्यादुकट्या माणसासाठी चार्टर परवडत नाही. परवडतं कुठं, तर पाच-सहा जण एकत्र जाणार आहेत, एकाच दिवसात दोन-तीन गावं करायचीत आणि त्या गावांना थेट विमान नाही, उदाहरणार्थ सकाळी हुबळी, दुपारी कोइमतूर आणि रात्री घरी. हे नेहमीच्या विमानांनी करायला तीन दिवस जातात. अशा वेळेला हिशोब जुळतो.

आणि शिर्डीचा पर्याय नेहमी हाताशी ठेवा. शिर्डीजवळच्या काकडी गावातला विमानतळ २०१७ पासून चालू आहे, रनवे अडीच हजार मीटर, नाशिकहून दीड-दोन तासाचा रस्ता. ओझरला वेळ किंवा पार्किंग मिळालं नाही तर तिथं मिळतंय का ते ऑपरेटरला विचारायला लावा. सिन्नरकडच्या लोकांना तर शिर्डी आणि ओझर यात फार फरकही पडत नाही.

ऑपरेटर तपासणं, इथं घाई करू नका

भारतात भाड्यानं विमान देणाऱ्याकडं डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं, नॉन शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट लागतं, लाइनमधले लोक त्याला एनएसओपी म्हणतात. दुसरीकडं अशीही विमानं असतात जी एखाद्या कंपनीनं किंवा उद्योगपतीनं स्वतःच्या वापरासाठी घेतलेली असतात, ती प्रायव्हेट कॅटेगरीत रजिस्टर असतात आणि ती भाड्यानं देणं बेकायदेशीर आहे. तरी देतात. ब्रोकर सांगतो की मालक ओळखीचे आहेत, रेट बराच कमी पडेल, फक्त पेपरवर तुम्ही त्यांचे गेस्ट म्हणून दाखवू. अशा विमानात बसू नका, आणि घरच्यांना तर अजिबात बसवू नका. अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी पहिली हीच गोष्ट उकरून काढेल, शिवाय परमिटवाल्या ऑपरेटरवर मेंटेनन्स आणि पायलटच्या ड्यूटीबाबत जी देखरेख असते ती तिथं नसते.

तपासायचं कसं तर सोपं आहे. कोटेशनमध्ये विमानाचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, भारतातला नंबर व्हीटीनं सुरू होतो आणि पुढं तीन अक्षरं असतात. डीजीसीएच्या वेबसाइटवर परमिटधारकांची यादी असते, त्यात ऑपरेटरचं नाव आणि त्याच्या परमिटवर चढवलेली विमानं बघायला मिळतात. तुमचा नंबर त्यात आहे का ते बघा. परमिटची कॉपी आणि इन्शुरन्सची कॉपी मागा, दोन्हीवर मुदत वाचा. चांगला ऑपरेटर हे कागद पाच मिनिटात व्हॉट्सअ‍ॅप करतो. जो टाळाटाळ करतो किंवा नंबर आदल्या दिवशी सांगतो म्हणतो त्याला नमस्कार करा.

ब्रोकर वाईटच असतो असं नाही. नाशिकमध्ये कुणाचं चार्टर विमान कायम उभं असतं असं नाही, विमान बहुतेक वेळा मुंबई, पुणे, अहमदाबाद नाहीतर दिल्लीहून येतं, त्यामुळं कुठलं विमान कुठं रिकामं आहे हे ब्रोकरला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. फक्त करार ऑपरेटरच्या नावाचा आहे की ब्रोकरच्या, आणि पैसे कुणाच्या खात्यात जाणार, हे लेखी घ्या.

विमान निवडताना

सहा-आठ जण आणि हजार किलोमीटरच्या आतलं अंतर असेल तर टर्बोप्रॉप बघा, म्हणजे पंख्याचं विमान. किंग एअर बी२०० हे आपल्याकडं सगळीकडं दिसणारं विमान, दोन इंजिनं, दोन पायलट. पंखे बघून बऱ्याच जणांचं तोंड उतरतं, त्यांना जेटच हवं असतं. पण ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जाणारं टर्बोप्रॉप आणि सातशेनं जाणारं लाइट जेट यात नाशिक-हैदराबादसारख्या पल्ल्यावर फरक पडतो वीस-पंचवीस मिनिटांचा, आणि पैशात पडतो बराच जास्त. पिलॅटस पीसी-१२ एका इंजिनाचं असतं, त्याचा मागचा दरवाजा मोठा असल्यानं सामान किंवा स्ट्रेचर चढवायला ते फार सोयीचं.

दिल्ली, कोलकाता, चेन्नई असा पल्ला असेल तर सायटेशन सीजे२ किंवा फेनॉमसारखं लाइट जेट. हॉकर ८००एक्सपी त्याच्या वरचं, आठ जण आरामात बसतात आणि बाथरूम नीट बंद होणारं असतं. आई-वडील किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर हा बाथरूमचा प्रश्न आधी विचारा, लाजू नका. छोट्या जेटमध्ये बऱ्याचदा पडदा किंवा पातळ सरकता दरवाजा असतो, काहींमध्ये तीच सीट प्रवासी बसायलाही धरलेली असते. कोटेशनमध्ये सात सीट लिहिलेल्या असल्या तर त्यातली सातवी कुठली ते विचारा.

आणि वजन. यावर नवे लोक हमखास अडतात. छोट्या विमानात सगळ्या सीट भरून, डिकी भरून आणि टाकी पूर्ण भरून असं तिन्ही एकदम होत नाही, एक काहीतरी कमी करावं लागतं. पिंपळगाव बसवंतच्या एका लग्नाच्या पार्टीबरोबर मी ओझरला होतो तेव्हा को-पायलटनं हातातल्या छोट्या स्प्रिंग काट्याला एकेक बॅग अडकवून उचलली, आकडा मांडीवरच्या पॅडवर लिहिला, मग सगळ्यांना अगदी अदबीनं वजन विचारलं आणि नवरदेवाच्या मामांना पुढच्या सीटवरून मागं बसवलं. मामांना ते आवडलं नाही पण को-पायलट बरोबर होता, विमानाचा तोल त्या कागदावर ठरतो. शालू-पैठण्यांच्या दोन मोठ्या कडक सूटकेस शेवटी गाडीनं पाठवाव्या लागल्या. छोट्या विमानात मऊ बॅगा घ्या, डफल टाइप, कडक सूटकेस डिकीच्या तोंडातूनच आत जात नाहीत. आणि सगळ्यांची खरी वजनं आणि बॅगांची संख्या बुकिंगलाच कळवा.

पैशाचा हिशोब

इथं लोक फसतात कारण तासाचा रेट आणि एकूण बिल यात खूप अंतर असतं. मीटर तुम्ही बसल्यापासून सुरू होत नाही, विमान त्याच्या बेसवरून निघाल्यापासून सुरू होतो.

समजा मुंबईचं टर्बोप्रॉप घेतलं, नाशिकहून दिल्लीला सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मुंबई-नाशिक रिकामं ४० मिनिटं, नाशिक-दिल्ली सव्वादोन तास, परतीचे सव्वादोन, आणि नाशिक-मुंबई पुन्हा रिकामं ४० मिनिटं. झाले ५ तास ५० मिनिटं, त्यातले तुम्ही बसलात साडेचार तास. उदाहरणापुरता रेट तासाला दीड लाख धरला तर ८ लाख ७५ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १ लाख ५७ हजार ५००, एकूण १० लाख ३२ हजार ५००. आणि यात लँडिंग, पार्किंग, ग्राउंड हँडलिंग (विमानतळावरची मदतीची कामं) धरलेलं नाही. दिल्लीसारख्या ठिकाणी हे वरचे खर्च डोळे पांढरे करणारे असू शकतात.

म्हणून कोटेशन मागतानाच म्हणा की सगळं धरून द्या. त्यात रिकाम्या फेऱ्या, दोन्ही विमानतळांचे चार्जेस, हँडलिंग, मुक्काम असेल तर क्रूचं हॉटेल आणि गाडी, केटरिंग आणि जीएसटी हे सगळं लिहून आलं पाहिजे. मुक्कामाचं गणित वेगळं असतं, बहुतेक ऑपरेटर रोजचे किमान दोन तास लावतात, विमान उभं असलं तरी. त्यामुळं तीन दिवसांच्या कामासाठी विमान थांबवून ठेवायचं की सोडून देऊन परतीला दुसरं बोलवायचं, दोन्हीचे आकडे घ्या आणि समोरासमोर ठेवा.

एम्प्टी लेग म्हणजे विमान रिकामं परत जाणार असतं ती फेरी, ती बरीच स्वस्तात मिळते. पण ओझरवरून अशा फेऱ्या कमी आणि मूळ गिऱ्हाइकानं प्लॅन बदलला की तुमचं बुकिंग गेलं. फिरायला जायचं असेल तर ठीक आहे, मुहूर्त किंवा मीटिंग असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

परवानग्या, आणि यात तुमचं काम काय

कागद ऑपरेटर करतो पण त्यानं केलेत का हे विचारायचं काम तुमचं.

पहिलं म्हणजे वॉच अवर्स, म्हणजे एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष) चालू असण्याच्या वेळा. त्या वेळेबाहेर उतरायचं किंवा उडायचं असेल तर आधी विनंती करावी लागते, माणसं थांबवावी लागतात, त्याचे पैसे लागतात आणि नकारही येऊ शकतो. त्यामुळं तुमची वेळ सांगून ऑपरेटरला म्हणा, ओझरचं कन्फर्मेशन आल्यावरच मी अ‍ॅडव्हान्स भरतो. ही एक अट घातली तरी निम्मी डोकेदुखी जाते. त्याच वेळी पार्किंगचंही विचारून घ्या, एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या पट्ट्यावर, जागा मोजकी आहे. जागा नसेल तर विमान तुम्हाला सोडून शिर्डी, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईला जाऊन उभं राहतं आणि त्या फेऱ्या तुमच्या बिलात चढतात. विमान ओझरहून पुढं लांब जाणार असेल तर इंधन तिथं मिळणार का हेही आधी ठरलेलं असू द्या, नाहीतर पायलट येतानाच जादा इंधन घेऊन येतो आणि मग वर सांगितलेला वजनाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

प्रत्येक उड्डाणाआधी फ्लाइट प्लॅन भरून एफआयसी (फ्लाइट इन्फर्मेशन सेंटर) नंबर आणि हवाई दलाकडून एडीसी (एअर डिफेन्स क्लिअरन्स) नंबर घ्यावा लागतो. हे रूटीन आहे, पायलट आणि डिस्पॅचवाले करतात. पण या नंबरांना वेळेची मुदत असते, तुम्ही दोन तास उशिरा आलात तर ते पुन्हा घ्यावे लागू शकतात. परदेशी रजिस्ट्रेशनचं विमान असेल तर डीजीसीएकडून परवानगीचा वायए नंबर लागतो, त्याला जास्त दिवस हातात ठेवा. परदेशातले पाहुणे थेट येणार असतील तर कस्टम्स आणि इमिग्रेशन मुंबईला उरकून तिथून ओझरला देशांतर्गत फ्लाइट म्हणून यायचं, हा रुळलेला रस्ता आहे.

तुमच्याकडून ऑपरेटरला लागतं ते म्हणजे प्रत्येक प्रवाशाचं आयडीवर आहे तसंच नाव, आयडीची कॉपी, वजन, फोन नंबर. परदेशी माणूस असेल तर पासपोर्ट आणि व्हिसाची कॉपी चार दिवस आधीच, कारण हा भाग संरक्षण खात्याचा आहे. सोडायला येणाऱ्यांची नावं यात नसतात आणि ते आत येऊ शकत नाहीत. घरची पंधरा माणसं विमानाजवळ उभं राहून फोटो काढू म्हणून आली तर ती गेटवरून परत जातील.

निवडणुकीच्या आचारसंहितेत चार्टरची तपासणी कडक होते, सामान उघडून बघतात, रोख रक्कम असेल तर हिशोबाचे कागद जवळ ठेवा. त्याच काळात विमानं आणि हेलिकॉप्टर पक्ष महिनोन् महिने आधी उचलतात, रेटही चढतात, तर लग्नाची तारीख निवडणुकीत येत असेल तर फार आधी बुक करा.

निघायच्या दिवशी

शहरातून ओझर वीसेक किलोमीटर. मुंबई-आग्रा हायवेनं आडगावच्या पुढं दहाव्या मैलाला जानोरीकडं वळायचं. सातपूर, अंबड किंवा नाशिकरोडकडून येत असाल तर द्वारकेचा चौक मधे येतो, तिथं संध्याकाळी किती वेळ जाईल याचा भरवसा नाही, फ्लायओव्हरनं वरून निघा. लासलगाव-निफाडच्या लोकांनी कांद्याच्या आणि द्राक्षांच्या सीझनमध्ये ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा गृहीत धरा.

उड्डाणाच्या तासभर आधी पोचा. चार्टरवाले अर्धा तास सांगतात आणि बऱ्याचदा तेवढा पुरतो, पण पहिल्यांदा जाताय तर तासभर ठेवा. मूळ आयडी हातात, मोबाइलमधला फोटो नाही. बॅगा स्क्रीनिंगमधून जातात, अंगझडती होते, प्रायव्हेट विमान आहे म्हणून यातून सुटका नाही. चाकू, कात्री, लायटर नेहमीचेच नियम. सप्तशृंगी गडावरून किंवा त्र्यंबकहून येणाऱ्यांच्या प्रसादात सुकं खोबरं असतं, तेलामुळं ते पेट घेणारं धरतात, त्यामुळं ते घरच्यांकडं देऊन टाका. नाशिकची वाइन भेट म्हणून न्यायची असेल तर जिथं उतरणार तिथला कायदा बघा, अहमदाबादला निघालात तर गुजरातेत दारूबंदी आहे आणि बाटली खासगी विमानातून आली म्हणून माफ होत नाही.

रनवे, हँगर, उभी असलेली लढाऊ विमानं यांचे फोटो किंवा व्हिडिओ काढायचे नाहीत. मुलांना गाडीतच सांगून ठेवा. खिडकीतून सुखोई दिसली की हात आपोआप मोबाइलकडं जातो, पण तो व्हिडिओ स्टेटसला गेला तर नसता त्रास होतो आणि तो ऑपरेटरलाही होतो.

उशीर होणार असेल तर लगेच फोन करा, लपवू नका. चार्टर आपल्यासाठी थांबतं हे खरं, पण पायलटच्या ड्यूटीला तासांची कायद्यानं मर्यादा आहे. जेवणं लांबली, सत्कार लांबला आणि ड्यूटी संपली की पायलट उडणार नाही आणि त्याला आग्रह करू नये. परतीला ओझरचे वॉच अवर्स संपले तरी तेच, विमान मुंबईला नाहीतर दुसरीकडं उतरेल आणि तुम्ही रात्री गाडीनं घरी याल.

पेशंटला न्यायचं असेल तर

हा भाग नीट वाचा, कारण ही वेळ आली की वाचायला सवड नसते.

नाशिकहून मुंबईला न्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना रस्त्यानं कार्डिअ‍ॅक अ‍ॅम्ब्युलन्सबद्दल विचारा. एअर अ‍ॅम्ब्युलन्स बेसवरून ओझरला येणार, पेशंट शहरातून ओझरला जाणार, चढवणार, मुंबईला उतरल्यावर पुन्हा अ‍ॅम्ब्युलन्स, हे सगळं मिळून रस्त्याएवढाच किंवा जास्त वेळ जातो आणि पेशंटची हलवाहलव जास्त होते. चेन्नई, हैदराबाद, दिल्लीला न्यायचं असेल तेव्हा मात्र विमानच.

फोन करताना पेशंटचं वय, वजन, निदान, व्हेंटिलेटर आहे का, किती ऑक्सिजन लागतोय, कुठली औषधं पंपावर चालू आहेत हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागदच पाठवा. लागणारे कागद म्हणजे आयसीयूची समरी, डॉक्टरांचं फिट टू फ्लाय सर्टिफिकेट आणि पुढच्या हॉस्पिटलनं बेड दिल्याची लेखी खात्री. या बेडच्या कागदाशिवाय निघू नका, तोंडी सांगितलेलं तिथं गेल्यावर कुणाला आठवत नाही. उंचीवर केबिनमधला हवेचा दाब कमी होतो, छातीत हवा साठलेली असेल किंवा डोक्याला मार असेल तर त्रास वाढू शकतो, हे एअर अ‍ॅम्ब्युलन्सच्या डॉक्टरला स्पष्ट सांगा, तो ठरवेल कमी उंचीवरून न्यायचं की थांबायचं.

अ‍ॅम्ब्युलन्स थेट विमानापर्यंत न्यायला तिचा नंबर, ड्रायव्हर आणि सोबतच्या नर्सचे आयडी आधी द्यावे लागतात. हॉस्पिटलनं ऐनवेळी दुसरी गाडी पाठवली की गेटवर अडतं, म्हणून जी गाडी कळवली तीच पाठवा असं हॉस्पिटलला बजावून सांगा. स्ट्रेचरबरोबर सहसा एक किंवा दोनच नातेवाईक जाऊ शकतात, कोण जाणार ते घरी ठरवून घ्या, विमानाच्या दारात वाद नको. रात्रीची वेळ असेल तर पहिला प्रश्न पुन्हा तोच, ओझर उघडं मिळेल का, आणि उत्तर येईपर्यंत दुसरीकडं रस्त्याची तयारी चालू ठेवा, एकाच्या भरवशावर बसू नका. पैसे आधी भरावे लागतात आणि मेडिक्लेममध्ये एअर अ‍ॅम्ब्युलन्स धरलेली असेलच असं नाही, पॉलिसी आजच उघडून बघा.

पाऊस, धुकं आणि कुंभ

जून ते सप्टेंबर ढग खाली येतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडं थंडीचा कडाका असतो तेव्हा पहाटे धुकं साचतं, सात-साडेसातचं उड्डाण पुढं ढकललं जाऊ शकतं, म्हणून थंडीत नऊनंतरची वेळ घ्या. पायलट नाही म्हणाला तर विषय संपला. पैसे भरलेत म्हणून दबाव टाकणारे लोक मी बघितलेत आणि मला त्यांची फार भीती वाटते. हवामानामुळं विमान दुसरीकडं उतरलं तर तो खर्च कुणाचा हे मात्र करारात आधी लिहून घ्या, बहुतेक वेळा तो तुमचाच असतो.

त्र्यंबक किंवा सप्तशृंगीसाठी हेलिकॉप्टर विचारणारेही पुष्कळ असतात. तात्पुरत्या हेलिपॅडला जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते, पोलिस, अग्निशमन वगैरे सगळं येतं. पावसाळ्यात ब्रह्मगिरीवर ढग बसलेले असताना हेलिकॉप्टरचा हट्ट करू नका, ओझरवरून त्र्यंबकला गाडीनं जाता येतं.

पुढच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे, अमृतस्नानं २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट २०२७ ला, तिसरं नाशिकला ११ सप्टेंबर आणि त्र्यंबकला १२ सप्टेंबरला. म्हणजे तिन्ही पावसात. त्या दिवसांत व्हीआयपींची विमानं येणार, पार्किंग मिळणं अवघड होणार आणि उतरल्यावर रस्तेही बंद असतील. तुमचे पाहुणे तेव्हा येणार असतील तर स्नानाच्या दोन दिवस आधी येऊ द्या आणि विमान सोडून द्या, थांबवून ठेवायचा आग्रह नको.

प्रवास झाल्यावर

फायनल बिल आलं की विमान प्रत्यक्ष किती वेळ चाललं त्याचा तपशील मागा, चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून परत लावेपर्यंतचा वेळ धरतात, तो कोटेशनशी ताडून बघा. दहा-पंधरा मिनिटांचा फरक समजण्यासारखा असतो, दिल्ली-मुंबईला हवेत घिरट्या घालाव्या लागतात. त्याहून जास्त असेल तर विचारा, चांगले ऑपरेटर समजावून सांगतात. कंपनीच्या नावानं घेतलं असेल तर जीएसटी नंबर बुकिंग करतानाच द्या, बिल निघाल्यावर नाव बदलून घ्यायला फार खेटे घालावे लागतात.